खिडकीची जागा

१

रोज दुपारी दोन वाजता मी बेलग्रेडच्या तयारीला बसतो. जेवणाचं एकुलतं एक ताट घासून पालथं घालायचं, डायनिंग टेबल पुसायचं, वही उघडायची आणि दोन कप चहा मांडायचा. साखरेचा माझा, बिनसाखरेचा लताचा. लता माझी बायको. तिला जाऊन पंच्याऐंशी दिवस झाले.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. पस्तीस वर्षं नाशिकच्या स्टँडवर काचेच्या केबिनमध्ये बसून लोकांच्या गाड्या सोडल्या. पेठ, सुरगाणा, मालेगाव, त्र्यंबक. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे घसा बसेपर्यंत माईकवरून सांगितलं आणि स्वतः मात्र कुठं गेलो नाही. लता शाळेत भूगोल शिकवायची. ती म्हणायची, "अहो, सगळ्या जिल्ह्याला पोचवलंत, मला तेवढं स्टँडवर बसवून ठेवलंत." चेष्टेत म्हणायची, मीही हसायचो. आता ते वाक्य आठवलं की मी ताट बाजूला सारतो.

बेलग्रेड तिनं निवडलं. लोक स्वित्झर्लंडला जातात, हिचं आपलं सर्बिया. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "रामकुंडात गोदावरीला अरुणा मिळते असं मी मुलांना तीस वर्षं शिकवलं. अरुणा कधी कुणाला दिसली नाही. तिथं किल्ल्यावर उभं राहिलं की सावा येऊन डॅन्यूबला मिळते ती डोळ्यांनी दिसते. मला एकदा दोन नद्या मिळताना बघायच्यात." त्या गावात शहर बसला तिकीटच लागत नाही हे वाचल्यावर मीही हो म्हणालो. बिनतिकिटाची बस बघितल्याशिवाय मरायचं नाही असं मी ठरवलं.

वहीत मी दोन रकाने पाडले. डावीकडं तिच्या टपोऱ्या अक्षरात 'काय बघायचं', उजवीकडं माझ्या अक्षरात 'कसं जायचं'. तिनं थंडीसाठी मरून रंगाचा कोट घेतला. ती चार फूट दहा इंच, म्हणून तो मुलांच्या कपड्यांत मिळाला, त्याचं तिला कोण हसू. कोट आणल्यापासून सोळाव्या दिवशी स्वयंपाकघरात डोकं धरून खाली बसली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव. कोटाची किमतीची चिठ्ठीसुद्धा काढायची राहिली होती.

२

दहाव्याला रामकुंडावर गेलो. कुंभाच्या कामासाठी बराच काठ खोदून ठेवलेला, त्यामुळं उरलेल्या पायऱ्यांवर चार-पाच घरांचे दहावे एकाच वेळी चाललेले. पत्रावळीला लागून पत्रावळ, तिच्यावर भाताचे पिंड आणि मागं कावळ्याची वाट बघणारी माणसं. कावळा शिवला की जीव सुटला. नाही शिवला तर कशात तरी अडकलाय, मग घरच्यांनी एकेक करून पुढं व्हायचं आणि हे करू, ते सांभाळू म्हणून कबूल करायचं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण आपलं माणूस गेलेलं असलं की विश्वास नसलेला माणूसही आभाळाकडं बघतो.

साडेअकरा वाजले तरी कावळा आला नाही. लताचा भाऊ मल्हारी म्हणाला, "ताई, दाजींना मी सांभाळतो." त्याची मुलगी सायली रडत रडत काहीतरी बोलली. शेवटी गुरुजी म्हणाले, "यजमान, तुम्हीच बोला. मनात काय राहिलं असेल ते तुम्हालाच ठाऊक."

माझं क्षौर झालेलं, अंगावर ओला पंचा, चष्मा सायलीकडं. चष्म्याशिवाय मला चार फुटांवरचं माणूस धुक्यात उभं असल्यासारखं दिसतं. मी पायऱ्या उतरून पत्रावळीपुढं उकिडवा बसलो, हात जोडले, डोळे मिटले.

मी तिला जन्मात नावानं हाक मारली नाही. आमच्या घरात तशी पद्धत नव्हती. आई-अण्णांसमोर 'अगं' म्हणायचो, ते गेल्यावरही तेच राहिलं. तेव्हाही तेच तोंडात आलं. "अगं, चल. आपण जाऊ. लांब जाऊ. तिकीट मी काढतो, खिडकीची जागा तुझी. आता माझ्याबरोबर घरी चल."

पंखांचा आवाज झाला. काळं काहीतरी उतरलं. मागून कुणी बाई मोठ्यानं रडली, मल्हारीनं माझा दंड धरून उठवलं आणि म्हणाला, "झालं दाजी, शिवला." चष्मा हातात येईपर्यंत पत्रावळी पाण्यात गेल्या होत्या. मी घाटावर पहिल्यांदा मोकळा रडलो.

३

चौदाव्याचं उरकून पाहुणे गेले त्या दुपारी मी वही उघडली आणि समोरची खुर्ची करकरली.

लाकूड थंडीत आवाज करतं. मी तसंच म्हणालो आणि वाचू लागलो: "कालेमेगदानचा किल्ला, दुसऱ्या दिवशी सकाळी. चालेल ना?" खुर्ची पुन्हा करकरली. कुणी अंग सावरून बसावं तशी.

मला भीती वाटली नाही. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. दोन आठवडे छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलला. मी त्या दिवशी किल्ला, दोन नंबरची ट्राम, नदीकाठचं जेवण, सगळं वाचून दाखवलं. चहा निवला तरी उठलो नाही. निवृत्तीनंतर असं पोटभर बोलणं आमचं जिवंतपणीही झालं नव्हतं.

मग रोजचंच झालं. दोन ते चार. मी वाचायचं, विचारायचं, खुर्चीनं उत्तर द्यायचं. मी सायलीला सांगितलं, व्हिसाचा फॉर्म भरायला ये, एप्रिलात निघतो. "एकटे?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो. समोरची खुर्ची करकरली तेव्हा मला हसू आलं.

एक त्रास मात्र होता. त्याच वेळेला बेल वाजायची. दोनदा, तुटक. दार उघडावं तर जिन्यात कुणी नाही. सोसायटीतल्या पोरांना सुट्टीतही दुसरे उद्योग नसतात. लताही बेल दोनदाच वाजवायची. पर्समध्ये किल्ली असली तरी वाजवायची. "घरात माणूस असताना किल्लीनं दार कशाला उघडायचं?" म्हणायची. पण ती तर आत होती, माझ्यासमोर. तीन-चार वेळा उठून मी कंटाळलो आणि दारावर चिठ्ठी लावली: दुपारी दोन ते चार बेल वाजवू नये.

४

ही तयारी चालू असताना काही गोष्टी जुळत नव्हत्या. चार्टवर एक प्रवासी जास्त निघाला की नियंत्रक आधी स्वतःची मोजणी तपासतो. मीही तेच करत राहिलो.

खुर्ची. लता टेबलाला पोट टेकेल इतकी जवळ बसायची, नाहीतर हात पुरायचा नाही. आता खुर्ची टेबलापासून हातभर मागं सरकलेली सापडायची. मी ती पुढं ढकलायचो, दुसऱ्या दिवशी पुन्हा मागं. फरशीला उतार असेल म्हणून गोटी ठेवून बघितली. गोटी जागची हलली नाही.

पावलं. लता घरात अनवाणी, भरभर चालायची. आता पॅसेजमधून येणारं पाऊल एक टेकायचं आणि एक ओढत आणायचं. आजारपणानं पाय जड झाला असेल, मी स्वतःला सांगितलं. मग आठवलं की ती आजारी पडलीच नव्हती.

चहा. लताला साखर वर्ज्य. एकदा चुकून कप अदलाबदल झाले, साखरेचा तिच्यापुढं गेला. त्या दिवशी खुर्ची चार वाजून गेले तरी करकरत राहिली. दुसऱ्या दिवशी साखरेच्या डब्याचं झाकण उघडं आणि ओट्यावर मुंग्यांची रांग. विसरलो असेन मीच.

आणि वही. डाव्या रकान्यात तिचं अक्षर ट्रामपाशी संपलं होतं, पुढचं मी लिहायचो आणि वाचून विचारायचो. एका सकाळी बघतो तर मी लिहिलेल्या प्रत्येक ओळीखाली एक डाग. काळा, लांबट गोल. भिंग आणून बघितलं, आत रेषा होत्या. अंगठा.

माझाच असेल म्हणून मी स्टॅम्प पॅडवर अंगठा टेकवून शेजारी उठवला. माझा त्याच्या निम्मा. बोटानं पुसून बघितलं तर ती शाई नव्हती, काजळी होती. चुलीची. आमच्या घरात चूल कधी पेटली नाही. आणि लता बाई होती, शिक्षिका. तिनं सही केली असती, वर तारीख घातली असती, माझ्या दोन चुका लाल पेनानं दाखवल्या असत्या.

मी वही मिटली आणि दोन दिवस उघडली नाही. त्या दोन दिवसांत ते पाऊल टेबलापाशी येऊन उभं राहायचं आणि बराच वेळ परत जायचं नाही.

५

रविवारी सकाळी सायली फॉर्म भरायला आली. लॅपटॉप लावला, माझा फोटो काढला, मग एकदम म्हणाली, "काका, आत्या गेल्यापासून तुम्ही एवढे बारीक झालात. दहाव्याला तरी बरे होतात."

"दहाव्याचा फोटो आहे तुझ्याकडं?"

"व्हिडिओ आहे. पुण्याच्या मावशींना यायला जमलं नव्हतं ना, त्यांच्यासाठी काढला होता. मी पण परत बघितला नाही. नको वाटतं."

मी बघू म्हणालो. तिनं फोन टेबलावर उभा केला.

घाट. पाच पत्रावळी. आमची सर्वात डावीकडची, तिच्यावर लताचा आवडता गुलाबजाम मीच ठेवलेला. मी पायऱ्या उतरतो, एक हात पुढं करून, चाचपडत. आणि आमच्या पत्रावळीवरून पुढं जातो.

"काका," सायली हळूच म्हणाली, "ही आपली नाही."

मी ज्या पत्रावळीपुढं बसलो तिच्यावर भाकरी, ठेचा आणि साखरेची पुडी होती. तिच्यामागं गावाकडची माणसं, निफाडकडची असावीत. मी यायच्या आधीचं त्यांचं बोलणं फोननं धरलं होतं. एक फेटेवाला म्हणत होता, "माय, गायीचं बघतो, पोरीचं लगीन करतो. आजून काय पाह्यजे तुला?" त्याच्या शेजारची बाई म्हणाली, "काय मागंल ती? लंकाबाई कधी शिवार सोडून गेली नाय. येसटीत बी कुनी खिडकीला बसू दिलं नाय तिला."

मग मी, डोळे मिटून, ओला, केविलवाणा: अगं, चल. लांब जाऊ. खिडकीची जागा तुझी. कावळा माझ्या गुडघ्यापाशी उतरला आणि भाकरीला चोच मारली. ती गावाकडची बाई रडली.

आमच्या पत्रावळीकडं कुणी फिरकलं नाही. व्हिडिओच्या शेवटी दिसतं, माझी पाठ वळल्यावर मल्हारी गुरुजींच्या कानाशी लागतो, गुरुजी दर्भाचा कावळा करतात आणि तो पिंडाला टेकवून पत्रावळ घाईनं पाण्यात सोडतात.

मी मल्हारीला फोन लावला.

"दाजी, साडेबारा वाजले होते. तुम्ही असे रडत होता, म्हटलं मन मोकळं झालं माणसाचं. चुकीच्या पानापुढं बसलात असं कोणत्या तोंडानं सांगू? दर्भाचा चालतो शास्त्रात. माझी सख्खी बहीण होती ती, मला काय कमी वाईट वाटलं?"

मी फोन ठेवला. बोलण्यासारखं होतं ते मी स्वतःलाच बोलायचं होतं. मी एका परक्या बाईला घरी आणलं, आणि माझी बायको तीन महिने जिन्यात उभी होती. तिनं बेल वाजवली तेव्हा मी दारावर चिठ्ठी लावली.

चिठ्ठी मी त्याच क्षणी फाडली. सायली पॅसेजकडं बघत होती. "काका, आत कुणी आहे का? पाय ओढत चालल्यासारखं..." मी तिला घरी पाठवलं. फॉर्म अर्धा राहिला.

६

सोमवारी सकाळी एकटाच रामकुंडावर गेलो. भात, गुलाबजाम, पत्रावळ. या वेळी चष्मा डोळ्यांवर. वेगळे गुरुजी होते, तरुण. मी सगळं सांगितलं नाही, फक्त म्हणालो, राहून गेलंय. त्यांनी कारण विचारलं नाही.

"नाव घ्या आणि बोला," ते म्हणाले.

"लताबाई नवनाथ पिंगळे," मी म्हणालो. फॉर्मवर लिहितात तसं. मग नुसतं, "लता."

चौतीस वर्षांत पहिल्यांदा. किती छोटं नाव होतं, आणि मी ते कधी वापरलं नाही.

समोरच्या कठड्यावर कावळा येऊन बसला. मी काय कबूल करू? एकच गोष्ट होती, ती देऊन झाली होती. मी म्हणालो, "लता, चूक झाली. तू ये. बाकी मी बघतो." कावळा खाली उतरला. दोन उड्या मारून पत्रावळीपाशी आला. मान वाकडी करून माझ्याकडं बघितलं, मग माझ्या खांद्यावरून मागं बघितलं, आणि परत कठड्यावर गेला.

"काका," गुरुजी म्हणाले, "बरोबर आलेल्या आजींना जरा मागं उभं राहायला सांगा. अंगावर सावली पडते, कावळा बुजतो."

मी वळलो नाही. मागच्या कोरड्या पायरीवर ओलं पाऊल टेकल्याचा आवाज झाला, मग एक ओढल्याचा. कावळा उडाला. बारा वाजेपर्यंत बसलो, पुन्हा आला नाही. गुरुजींनी दर्भ काढला तेव्हा मी नको म्हणालो आणि उठलो.

रिक्षात मी मधे अंग चोरून बसलो. का ते विचारू नका. कडेची, खिडकीसारखी जागा माझ्यानं घेववली नाही.

७

दोन वाजता टेबलापाशी बसलो. आज तीन कप मांडले. दोन साखरेचे, एक बिनसाखरेचा. वही मिटलेलीच ठेवली. खुर्ची मागं सरकली, करकरली.

"आजी," मी म्हणालो, "तुम्ही कोण ते मला कळलं. तुमचा काही दोष नाही. मी बोलावलं म्हणून तुम्ही आलात. तुम्हाला कुणी कुठं नेलं नाही, हे फार वाईट झालं. पण ती जागा माझ्या बायकोची आहे. मी तिलाही कुठं नेलं नाही. माझ्याजवळ द्यायला तेवढं एकच आहे, आणि ते तिचं आहे. तुम्ही जा."

खालून भंगारवाल्याची हाक गेली. मग खुर्चीनं ओझं उतरल्यासारखा आवाज केला आणि पाऊल पॅसेजकडं निघालं. एक टेकलेलं, एक ओढलेलं. कपाटाचं दार वाजलं, हँगर हलला. इतक्या सहज जाईल असं मला वाटलं नव्हतं. वाद नाही, राग नाही. जन्मभर ऊठ म्हटलं की उठलेलं माणूस. मला तिची इतकी दया आली की डोळे भरून आले.

मी जागेवरूनच वाकून बघितलं. पॅसेजमध्ये दुपारी उजेड कमी असतो. दाराकडं तोंड करून कुणीतरी उभं होतं, रुंद, वाकलेलं. अंगावर मरून कोट, पाठीवर ताणून बसलेला, त्याची चिठ्ठी अजून लोंबत होती. बाही कोपराच्या जरा खाली संपली होती. तिच्यातून बाहेर आलेल्या हातावर मनगटापासून वर हिरवं गोंदण. तो हात दाराची कडी शोधत होता. आमच्या दाराची कडी अवघड आहे, वर उचलून मग ओढावी लागते, नव्या माणसाला जमत नाही.

तेवढ्यात बेल वाजली. दोनदा, तुटक.

कडीवरचा हात थबकला, मग पुन्हा खटपट करू लागला. उचलली, सुटली, उचलली. दोघींच्या मध्ये तेवढं एक लाकूड होतं. मी उठायला गेलो आणि खुर्चीच्या पायात अडखळलो.

पुन्हा बेल, दोनदा. नंतर शांतता, घरात कुणी नाही असं समजायला लागते तेवढी. मग दारापलीकडं पावलं. अनवाणी, भरभर. जिन्याकडं वळली, पहिली पायरी उतरली.

मी जीव खाऊन ओरडलो. सकाळी शिकलेलं नाव त्या वेळी तोंडात आलंच नाही. आली ती चौतीस वर्षांची सवय.

"अगं, थांब!"

कडीवरचा हात खाली आला. पॅसेजमधली थांबली आणि माझ्याकडं वळू लागली.

जिन्यातली पावलं उतरत गेली.